हेस्टरच्या अंगणातला पाऊस

धुकं परसात येऊन बसलं होतं. कुंपणापलीकडचं पिडकॉकचं रान दिसत नव्हतं, रानातल्या मेंढ्या दिसत नव्हत्या, त्यांचं कोरडं खोकणं तेवढं ऐकू येत होतं. मे संपत आला होता, हिवाळा तोंडावर होता. पूर्वेचा वारा समुद्राकडून कडा चढून वर आला की किंडारीच्या पठारावर असं धुकं लोटतं. दोन-दोन दिवस हलत नाही, आणि जाताना जमिनीला जिभेवर घेण्याइतकंसुद्धा पाणी देत नाही.

हेस्टर गॅड्सबीनं चुलीतली राख बादलीत भरली, कोंबड्यांना भरडा टाकला, नवऱ्याच्या लापशीखालची आच कमी केली आणि घड्याळाकडे बघितलं. नऊला चार मिनिटं कमी. तिनं गमबूट चढवले, काचेचं माप एप्रनला पुसलं आणि ती मागच्या दारानं बाहेर पडली.

परसाच्या टोकाला तांब्याचं भांडं जमिनीत पुरलेलं होतं. वर नरसाळं, आत बाटली. सरकारी पर्जन्यमापक. एकतीस वर्षं रोज सकाळी नऊला हेस्टर ती बाटली उपसत आली होती. नऊला पाच कमी असताना नाही आणि नऊ वाजून पाच मिनिटांनीही नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा आधी माप घेतलं होतं, मग पायघोळ झगा घातला होता.

तिनं बाटली काचेच्या मापात ओतली. डोळ्याच्या रेषेत धरली.

तीन पॉइंट.

शंकेची पाल चुकचुकली. काल चार होते, परवा दोन. गावात कुणाच्या मापकात थेंब नाही. किंडारीत प्रत्येकाच्या कुंपणाच्या खांबावर काचेची नळी असते आणि संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात प्रत्येक जण आपला पाऊस दहा-वीस पॉइंट वाढवून सांगतो. पण गेले दोन महिने फुशारकी मारणाऱ्यांनीही शून्यच सांगितलं होतं. शून्याला काय वाढवणार? आणि इथं हेस्टरच्या परसात रोज दोन-चार पॉइंट. हे पाणी आभाळातून येत नव्हतं. मग कुणाच्या हातातून येत होतं?

तिनं नरसाळ्याभोवतीचं गवत पायानं चाचपलं. ओलं होतं, पण धुक्यात सगळंच ओलं असतं. ठसा कुणाचा नव्हता.

"किती?" ती आत येताच क्लेमनं लापशीत साखर घालत विचारलं. युद्धावरून आल्यापासून त्याची छाती धरायची, त्यामुळे तो होता होईल तो एका शब्दात बोलायचा.

"तीन."

"बरं आहे की."

"काय बरं आहे? पाचशे ब्याण्णव झाले!"

क्लेमनं चमचा खाली ठेवला. पाचशे ब्याण्णवचा अर्थ गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. शंभर पॉइंट म्हणजे एक इंच. डिसेंबर ते मे, या सहा महिन्यांत किंडारीच्या सरकारी मापकात सहाशे पॉइंटांहून कमी पाऊस भरला, तर सरकार दुष्काळ जाहीर करणार होतं. मग बाहेरून येणाऱ्या चाऱ्याला रेल्वेचं भाडं निम्मं पडणार. सहाशे भरले, तर कागदोपत्री किंडारीत दुष्काळच नव्हता. तळी आटून चिखल झाली होती, चिखलात मेंढ्या रुतून मरत होत्या, बटाटे गोट्यांएवढे निघाले होते. पण कागदाला ते दिसत नाही, कागदाला हेस्टरचा आकडा दिसतो. महिना संपायला सात दिवस होते. रोज तीन या हिशेबानं तिसऱ्या दिवशी सगळं आटोपणार होतं.

हेस्टर संशयी होती, असं गाव म्हणायचं. गाव खोटं बोलत नव्हतं. पण तिला संशयी केलं ते गावानंच. चोवीस वर्षं ती पोस्टातल्या टेलिफोन एक्स्चेंजवर बसली होती. कानाला पट्टा, समोर झडपांची फळी. झडप पडली, म्हणजे कुणाचा फोन आला, की दोरी खोचायची, "बोला" म्हणायचं आणि ऐकायचं नाही. नियम असा होता. ऐकायचं नाही म्हणून कोण ऐकत नाही? कोण कुणाला मेंढ्यांचं वय खोटं सांगतो, कुणाची बायको शहरातल्या बहिणीकडे 'हवापालटाला' गेली आणि का, कोण चर्चच्या जत्रेत दुसऱ्याचं लोणचं आपलं म्हणून मांडतो, सगळं तिच्या कानावरून गेलं होतं. त्यातलं अवाक्षर तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. आणि अवाक्षर विसरलीही नाही. आळशी पोस्टमास्तरच्या जागी पाऊस मोजायचं कामही तेव्हाच तिच्या गळ्यात पडलं. पुढं पोस्टाची नवी इमारत झाली आणि मापक हेस्टरच्या परसात आलं. नंतर एक्स्चेंजला आपोआप चालणारं यंत्र बसलं, तिची खुर्ची गेली. मापक राहिलं. आता तिचं म्हणावं असं गावात तेवढंच होतं.

दहा वाजता ती लॅफन खाटकाच्या दुकानात गेली. फरशीवरच्या लाकडी भुशावरून गमबूट ओढत आत शिरली तसं बोलणं थांबलं. बोलणं थांबलं की कुणाबद्दल चाललं होतं, हे हेस्टरला वेगळं सांगावं लागत नसे.

"चार चॉप, टेड. चरबी कमीची."

"मेंढ्यांच्याच अंगावर चरबी राहिली नाही, तर मी कुठून घालू?" टेड लॅफननं सुरी पुसली. "बरं, हेस्टरबाई, आज तुमच्याकडे पाऊस किती?"

"तीन."

बाकावर बसलेल्या दोघी बायकांनी एकमेकींकडे बघितलं. "एक्स्चेंजवर होती ना," त्यातली एक म्हणाली, "वरची लाइन स्वतःकडंच ठेवून घेतली बाईनं. देवाला थेट फोन. 'अहो, माझ्या परसात जरा तीन पॉइंट सोडा.'"

दुकान हसलं. कोपऱ्यात उभा असलेला मन्रो मात्र हसला नाही. मन्रो पशुपालकांच्या मंडळाचा अध्यक्ष. गालफडं आत गेलेली, टोपी हातात. आठवडाभरात माणूस म्हातारा दिसायला लागला होता.

"हेस्टरबाई," तो म्हणाला, "माझ्या तीनशे मेंढ्या गाभण आहेत. पहिल्या तारखेला भाडं निम्मं झालं नाही तर त्यांना गोळ्या घालायच्या. खड्डा खणून ठेवलाय मी. तुमच्या पेन्सिलीला जरा खोडरबर लावता येत नाही का?"

"मी शाईनं लिहिते, मन्रो."

"मग शाई सांडू दे थोडी!"

"भांड्यात जे असतं तेच मी लिहिते. एकतीस वर्षं लिहिलंय."

"भांड्यात असतं, की तुम्हाला वहीत कोरडी पानं आवडत नाहीत?"

हे मात्र हेस्टरच्या वर्मी लागलं. खोटं लिहिते, असं तिला कुणी आजवर म्हटलं नव्हतं. तिच्या तोंडून जे निघालं, ते गेले आठ दिवस घशाशी येऊन बसलेलं होतं.

"माझ्या भांड्यात पाणी कोण ओततं, ते मला नका विचारू! दुष्काळ जाहीर झाला आणि बाहेरचा चारा स्वस्तात आला तर इथं कुणाच्या गवताच्या गंजीचा भाव पडेल, त्याला विचारा. कुंपणापलीकडे राहतो तो!"

टेडची सुरी हाडावर थांबली. गावात विकायला गंज्या एकाच्याच उरल्या होत्या. हेस्टरच्या शेजाऱ्याच्या, ऑसी पिडकॉकच्या.

ती चॉप घेऊन घरी पोचली, तोवर तिचं वाक्य तिच्या आधी जाऊन पोचलं होतं. पिडकॉक कुंपणाला रेलून वाटच बघत होता. लांबलचक, वाकलेला माणूस, कायम भुवया आक्रसलेल्या. दोघं शाळेत एका बाकावर बसलेली. पण गेली पंचवीस वर्षं हेस्टर त्याला 'तुम्ही' म्हणत होती, आणि ते काही आदरानं नव्हे.

"गॅड्सबीबाई, मी गंजी विकतो हे खरं. पाणी ओतत फिरत नाही."

"पाणी घालायची सवय जुनी आहे तुमची."

"म्हणजे?"

"एकोणचाळीस साल. चाऱ्याच्या कुट्टीची पोती. 'पोत्यांवर पाणी मारलं होतं, वजन बरंच वाढतं.' तुमच्याच तोंडचे शब्द."

पिडकॉकचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "म्हणजे तू ऐकत होतीस तर," तो म्हणाला. तो वळला आणि धुक्यात दिसेनासा झाला.

हेस्टरनं मनाशी गाठ मारली: नाकारलं नाही त्यानं.

दुसऱ्या दिवशी दोन पॉइंट. पाचशे चौऱ्याण्णव. दिवसभर ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बटाटे सोलत, मोजे रफू करत बसली. एक डोळा कामावर, एक पिडकॉकच्या कुंपणावर. कुंपणाकडे कुणी फिरकलं नाही. पण तिन्हीसांजेच्या आधी धुक्यातून पावलं वाजली. मापकाच्या बाजूला. पाण्याची खुळखुळ आली. हेस्टर दारामागं झाली आणि फटीतून बघू लागली.

क्लेम होता. हातात झारी.

तो कांद्याच्या पातीच्या वाफ्याला पाणी घालत होता, हे तिला दिसत होतं. वाफा मापकापासून सहा पावलांवर, हेही ठाऊक होतं. तरी ती दारामागून हलली नाही. मन्रोचं बोलणं आठवलं. कोरडी पानं. खरंच, शून्याचे दिवस लांबले की हेस्टर घरात कुणाशी धड बोलत नसे, आणि क्लेमला ते सोसत नसे. बावन्न साली ती न्यूमोनियानं अंथरुणाला खिळली होती. एकतीस वर्षांतला तेवढा एक आठवडा क्लेमनं माप घेतलं होतं. बरी होऊन वही बघते तो एका रकान्यात आकडाच नाही. 'थोडासा' असं लिहिलेलं. "तू आजारी होतीस," तो म्हणाला होता, "बाटली कोरडीच होती, पण तुला शून्य दाखवायला नको वाटलं." तिनं ते खोडून वर शून्य लिहिलं होतं. मऊ काळजाच्या माणसाच्या हातात माप देऊ नये, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

"झारीत पाणी उरतं त्याचं काय करतोस?" तिनं जेवताना विचारलं.

"काय करणार? कोंबड्यांना."

"रोज?"

"रोज." त्यानं मान वर केली. "का?"

"काही नाही. खा."

चोवीस वर्षांच्या एक्स्चेंजनं तिला एक शिकवलं होतं. माणूस खोटं बोलायला लागला की जास्त शब्द वापरतो. पण क्लेम खरंही एका शब्दात बोलायचा आणि खोटंही. त्याच्यावर ही कसोटी लागूच होईना. बावीस वर्षांच्या संसारात प्रथमच तिला नवऱ्याच्या ताटात वाढताना हात आखडावासा वाटला, आणि त्याची तिला स्वतःचीच किळस आली.

जेवणं झाल्यावर ती राखेची बादली घेऊन बाहेर गेली. चाळणीतून राख गाळावी तशी तिनं मापकाभोवती चारी बाजूंनी दोन-दोन पावलं राख पसरली, झाडूनं गुळगुळीत केली आणि उलट्या पावली मागं आली. आता मांजर गेलं तरी उमटलं असतं.

"परसात राख कशाला?" क्लेमनं विचारलं.

"गोगलगायींसाठी," हेस्टर म्हणाली. एकाच शब्दात.

सकाळी ती नऊपर्यंत थांबलीच नाही. आठलाच बाहेर जाऊन उभी राहिली. राखेवर पाऊल नव्हतं. बुटाचं नव्हतं, कोंबडीचं नव्हतं. नऊला बाटली उपसली. तीन पॉइंट. पाचशे सत्त्याण्णव.

तिनं माप खाली ठेवलं. माणूस नाही, तर मग काय? ती उकिडवी बसली आणि राख बारकाईनं बघू लागली, लहानपणी आई तांदूळ निवडायची तशी. मापकाच्या पिडकॉककडच्या बाजूला राख सपाट होती, पिठासारखी. घराकडच्या बाजूला मात्र राखेला देवी आल्यासारखे खड्डे पडले होते. बारीक, गोल, शेकड्यांनी. ते कमानीसारखे वळत जात होते, आणि कमानीचं टोक नेमकं नरसाळ्यावरून जात होतं.

टप्. तिच्या मानेवर काहीतरी थंड पडलं.

तिनं वर बघितलं. पाइनची फांदी. धुक्यात काळी दिसणारी, जाडजूड, परसावर हात पसरून उभी. तिच्या प्रत्येक सुईच्या टोकाला एकेक थेंब लोंबत होता. एक पडला. दुसरा भरत आला.

ती पाइनची रांग क्लेमनं लावलेली. युद्धावरून आला त्या वर्षी, शेहेचाळीस साली, दक्षिणेच्या वाऱ्याला आडोसा म्हणून. मापकाच्या नियमात लिहिलेलं होतं: झाड आपल्या उंचीच्या दुप्पट अंतरावर असावं. हेस्टरनं त्या वेळी स्वतः टेप धरला होता. गुडघ्याएवढी रोपं, वीस फूट अंतर. नियमाला धरून, वर सवलतच. तिनं ते वहीत नोंदवलं होतं, सहीनिशी. त्यानंतर एकोणीस वर्षं रोज सकाळी ती त्या झाडाखालून गेली, पाऊस मोजला, आणि झाड पुन्हा एकदाही मोजलं नाही. आता ते चाळीस फूट उंच झालं होतं. चांगल्या पावसाच्या वर्षांत धुक्याचे दोन-चार पॉइंट इंचांच्या हिशेबात कुठं दिसणार? आभाळ कोरडं पडलं तेव्हाच झाडाची चोरी उघडी पडली.

पण डोळ्यांना दिसलं म्हणून मानायचं, असा तिचा स्वभाव नव्हता. तिनं जॅमचे दोन रिकामे डबे आणले. एक मापकाशेजारी ठेवला, दुसरा कपडे वाळत घालायच्या तारेखाली, मोकळ्यावर. रात्रभर धुकं होतं. सकाळी पहिल्या डब्यात नखभर पाणी, दुसरा खडखडीत. बाटलीत दोन पॉइंट.

पाचशे नव्व्याण्णव.

ती डबे हातात घेऊन स्वयंपाकघरात आली आणि क्लेमसमोर बसली. सगळं सांगितलं. झारीचं तेवढं सांगितलं नाही.

क्लेमनं खिडकीतून झाडाकडे बघितलं. "कापतो," तो म्हणाला.

"खबरदार! आत्ता कापलंस तर गाव म्हणेल, पुरावा तोडला."

"मग?"

"मग काय, फोन करते."

शहरातल्या हवामान कचेरीतला आवाज कोवळा होता, अदबशीर होता. त्यानं तिला दोनदा सगळं सांगायला लावलं. "म्हणजे बाई, तुमचा आकडा किती जास्त आहे?"

"ते मला ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणूनच फोन केला."

"अंदाजे शंभरेक वजा करू या का? तुमचं गाव सुटेल."

हेस्टरनं फोन दुसऱ्या कानाला लावला. एक 'हो' म्हटलं की मन्रोचा खड्डा बुजला असता. "अंदाजानं वजा करायचं, तर मग अंदाजानं मोजायचं होतं," ती म्हणाली. "माझे आकडे खोडा."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. "तिथं जवळपास, उघड्यावर, रोज नोंद ठेवणारं दुसरं कुणाचं मापक आहे?"

गुत्त्यात पाऊस वाढवून सांगणारी सगळी तोंडं तिच्या डोळ्यांपुढून गेली. रोज लिहिणारा गावात एकच होता, कुंपणापलीकडचा. पाऊस किती, असं विचारलं तर जो कधी सांगत नसे. आणि हेस्टर त्यालाच आतल्या गाठीचा म्हणत आली होती.

"आहे," ती म्हणाली. "बघते."

पिडकॉक खोपटात गंजी उतरवत होता. गवत उचलायचा काटा थांबवला नाही. हेस्टर दारात उभी राहून बोलली. राख, खड्डे, डबे, कचेरी, सगळं. बोलून झालं तरी काटा चालूच.

"मला तुमची वही हवी आहे," ती म्हणाली.

"आणि एकोणचाळीस साल?"

"ते मी ऐकलंय."

आता काटा थांबला. "अर्धं ऐकलंस तू, हेस्टर. पोत्यांवर पाणी माझ्या बापानं मारलं होतं. मला कळलं तशी मी गिऱ्हाइकाला फोन लावला, की बाबा रे, पोत्यांवर पाणी मारलं होतं, वजन बरंच वाढतं, माल परत पाठव, दुसरा देतो. बाप चार महिने बोलत नव्हता माझ्याशी. ते नाही ऐकलंस?"

हेस्टरला ती दुपार आठवली. पिडकॉकचा आवाज, आणि मध्येच दुसरी झडप पडली होती. "लाकूडगिरणीची लाइन आली," ती म्हणाली. "आग लागली होती."

"ठाऊक आहे. विझवायला गेलो होतो मी."

खोपटात धुळीचा वास होता. कुत्रं आळस देऊन उठलं आणि पुन्हा बसलं.

"वही दिलीस तर तुझ्या गंजीचा भाव पडेल, ऑसी," हेस्टर म्हणाली.

"गंजीचं माझं मी बघेन. वहीवर चहाचे डाग पाडू नकोस. आणि लॅफनच्या दुकानात जेवढ्या मोठ्यानं बोललीस, तेवढ्याच मोठ्यानं पुन्हा बोलायचं. दुकान भरलेलं असताना."

वही हिरव्या पुठ्ठ्याची होती. हेस्टरनं ती स्वयंपाकघराच्या टेबलावर आपल्या वह्यांशेजारी उघडली, आणि पिडकॉक खरं बोलला असं वाटत असूनही आधी शाई तपासली. कालपरवा एका बैठकीत लिहिलेलं असेल तर शाई एकसारखी दिसते. दिसली नाही. कुठं दौत बदललेली, कुठं बोटाचा ठसा, कुठं मेंढीच्या औषधाचा पिवळा डाग. मग ती एकेका दिवसाला बोट लावून बसली. पावसाच्या दिवशी दोन्ही वह्या जुळत होत्या, पॉइंट इकडे-तिकडे. धुक्याच्या दिवशी पिडकॉककडे शून्य, हेस्टरकडे एक, दोन, तीन. तिनं मागं जायला सुरुवात केली. चौसष्ट. त्रेसष्ट. साठ. सत्तावन्नच्या हिवाळ्यात फरक संपला. त्याच्या आधी दोन्ही वह्या बहिणींसारख्या.

आठ वर्षं. जवळजवळ तीन हजार सकाळी ती थंडीत उठून झाडाचं पाणी मोजत होती. गावाला फक्त सहा महिन्यांशी मतलब होता, आणि पिडकॉकच्या वहीत ते सहा महिने पाचशे तीनवर थांबत होते. सत्तावन्नपर्यंतचं कुणी विचारलंही नव्हतं. तिनं तांबडी शाई घेतली, आणि आठ वर्षांच्या प्रत्येक पानावर कोपऱ्यात लिहिलं: 'झाड. भरवसा नाही. हे. गॅ.' शेवटचं पान वाळेपर्यंत ती थांबली. मग पिडकॉकची वही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवून तिनं चहा ओतून घेतला.

दुकान भरायला शनिवार उजाडावा लागला. हेस्टर थेट लाकडी ओट्यापाशी गेली.

"ऐका. पिडकॉकनं माझ्या भांड्यात पाणी ओतलं, असं मी इथं म्हणाले. ते चूक होतं. पाणी माझ्याच झाडानं ओतलं. आठ वर्षं. खरा आकडा पिडकॉकच्या वहीत आहे, पाचशे तीन, आणि तो मी कचेरीला कळवलाय."

कुणी खोकलं. टेड लॅफननं सुरी खाली ठेवली. "झाडाचं नाव पोलिसांत दिलंत का, हेस्टरबाई?"

दुकान हसलं; पण या वेळी मन्रोही हसला. हसता हसता त्यानं टोपी तोंडावर धरली आणि तो बाहेर निघून गेला. दारापाशी थांबून म्हणाला, "खड्डा बुजवायला कुणी येतंय का माझ्याबरोबर? फावडं आपापलं आणा."

दुष्काळ जाहीर झाला. पहिल्या गाडीनं चारा आला. पिडकॉकच्या गंजीचा भाव पडला, आणि त्यानं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. हेस्टरला तेही जरा संशयास्पदच वाटलं. कचेरीचं पत्र आलं: मापक मोकळ्या जागी हलवावं, झाडांपासून उंचीच्या दुप्पट अंतरावर. क्लेमनं आणि तिनं टेप धरून परस मोजलं. टेप कुंपणाबाहेर गेला. रस्त्याकडे गेला, तिथं तारेचे खांब. दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची सफरचंदं. नियमात बसणारी जागा एकच होती, पिडकॉकच्या रानाच्या मधोमध, त्याच्या स्वतःच्या मापकापासून दहा पावलांवर.

"घाल तिथं," पिडकॉक म्हणाला. "मेंढ्यांना लाथा मारायची सवय आहे, सांगून ठेवतो. भांड्याभोवती जाळी मार."

जूनच्या त्या सकाळी धुकं होतं. हेस्टरनं राख काढली, कोंबड्यांना भरडा टाकला, लापशीखालची आच कमी केली. नऊला आठ कमी असताना निघाली, कारण आता वाट लांबची होती. क्लेमनं कुंपणाला लाकडी पायऱ्या ठोकून दिल्या होत्या, आणि त्या तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या. रान ओलांडून ती मापकापाशी पोचली. नऊ वाजता बाटली उपसली. कोरडी. तिनं वहीत शून्य लिहिलं. मग इकडं-तिकडं बघून ती दहा पावलं गेली आणि तिनं पिडकॉकच्या नळीतही डोकावून पाहिलं.

"जुळलं का?" खोपटातून आवाज आला.

"आजचं जुळलं," हेस्टर म्हणाली. "उद्याचं उद्या बघू."

ती पायऱ्या चढून आपल्या परसात उतरली. पाइनखाली जॅमचा डबा अजून तिथंच होता. तो उचलायला तिला सवड झाली नव्हती, असं ती क्लेमला सांगायची. डब्यात नखभर पाणी जमलं होतं. तिनं ते डोळ्याच्या रेषेत धरून बघितलं, तीनेक पॉइंट असावेत, आणि कोंबड्यांच्या ताटलीत ओतलं. मग बाही वर सारून ती लापशीचं करपलेलं पातेलं घासायला बसली.